पीपा, आबिंग आणि मामांची एकतारी

प्रश्न: डॉ. कोटणीस स्मारक बघून आल्यापासून मुलगी यूट्यूबवर चिनी वाद्यं ऐकत बसते. ती सतार शिकते, म्हणते पीपा म्हणजे चिनी सतारच. हे आबिंग कोण? आणि आमचे मामा एकतारीवर जुनी भजनं म्हणतात, वय ७८, रेकॉर्ड करू म्हटलं की आता सूर लागत नाही म्हणतात. काय करावं? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: सतारीच्या जवळचं आहे पण सतार नाही. पीपाला चारच तारा, तरफा म्हणजे खालच्या आपोआप घुमणाऱ्या तारा नाहीत, मांडीवर उभं धरायचं आणि उजव्या हाताची पाचही बोटं कामाला, बोटांमागून बोटं अशी सोडतात की सूर तुटतच नाही. नावाची गंमत मुलीला नक्की सांगा, पी म्हणजे बाहेरचा आघात, पा म्हणजे आतला, आपल्या सतारीच्या दा-रा या बोलांसारखंच.

आबिंग म्हणजे हुआ यानजुन, जन्म १८९३, गाव चीनमधलं वूशी. वडील ताओ पंथाच्या मंदिरात पुजारी, ढोल बासरी पीपा सगळं त्यांच्याकडूनच शिकले. पुढे मंदिर सुटलं, दोन्ही डोळे गेले, मग रस्त्यावर वाजवून, गावातल्या बातम्या गाण्यातून सांगून पोट भरायचे. १९५० मध्ये यांग यिनल्यू हे संगीताचे अभ्यासक तारेवर रेकॉर्ड करणारं मशीन घेऊन त्यांच्याकडे गेले, लहानपणी ते आबिंगकडेच पीपा शिकले होते. आबिंगनी तर काही वर्षं वाद्याला हातही लावला नव्हता, वाद्यं दुसऱ्यांकडून आणून दिली तेव्हा वाजवलं. तीन रचना पीपावर, तीन गजाने वाजवायच्या एर्हूवर, बस. पुन्हा येऊन अजून घ्यायचं ठरलं होतं पण त्याच डिसेंबरात आबिंग गेले. आज त्यांचं म्हणून आपल्याकडे हे सहाच तुकडे आहेत, मला ते ऐकताना दरवेळी भरून येतं.

म्हणून मामांना हे सगळं सांगा, सूर लागत नाही हे कारण आबिंगकडे जास्त होतं. या रविवारीच बसा, पंखा बंद, फोन उशीवर ठेवा, चुकलं तरी मध्ये थांबवू नका. आणि आबिंगच्या सगळ्यात गाजलेल्या रचनेला धड नावही नव्हतं, ते रेकॉर्डिंगच्या वेळी ठरलं, तेव्हा प्रत्येक भजनाआधी ते कुठलं, कुणाकडून शिकले, हे मामांच्याच तोंडून बोलून घ्या.