कीटो डाएटने मुलांच्या फिट्स खरंच थांबतात का?

कीटो म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी कर्बोदकांचं खाणं. त्याने काहींच्या थांबतात, काहींच्या कमी होतात, काहींना ढिम्म फरक पडत नाही. 2008 साली लंडनच्या डॉक्टरांनी औषधांना दाद न देणाऱ्या 145 मुलांवर केलेला अभ्यास छापून आला. तीन महिन्यांनी डाएटवरच्या 38 टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या होत्या. नेहमीचं खाणाऱ्यांत हेच प्रमाण 6 टक्के.

पण तुमच्या प्रश्नात, भाचा तीन औषधं घेतो, तरी फिट येते, आणि घरचे कीटोला म्हणतात ‘जिमवाल्यांचं फॅड’, हे वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या नणंदबाईंचा हाच शब्द. अहो, कीटो हे नावच 1921 साली मेयो क्लिनिकच्या डॉ. वाइल्डरांनी दिलं, तेही आकडीच्या पेशंटसाठी!

माझ्या लेकीला 4:1 होतं. म्हणजे चार ग्रॅम स्निग्ध, तर प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक. पनीर काट्यावर मोजायचं, वर लोणी, शेवटी वाटी बोटाने निपटून तिच्या तोंडात. पोळी-भात बंद. लघवीची पट्टी गडद जांभळी झाली, म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी जाळतंय, की मला हायसं वाटायचं. सातव्या आठवड्यात सलग नऊ दिवस फिट नाही. आणि ऐन गणपतीत पट्टी फिकी पडली, पहाटे दोन फिट्स आल्या. मी थेट सासूबाईंना धरलं, “मोदक भरवलात ना?” त्यांनी गणपतीची शपथ घेतली. नणंदबाई म्हणाल्या, “लेकराला उपाशी मारतेस, वर आईवर आळ घेतेस!” तीन दिवस अबोला. शेवटी डाएटीशियनने फोनवर तिच्या पोटात जाणारं सगळं वाचून दाखवायला लावलं. खोकल्याचं सिरप! साखरेच्या पाकातलं, मीच दिवसातून तीनदा चमच्याने पाजत होते.

खोकल्या-तापानेही फिट येऊ शकते म्हणा. पण पट्टी फिकी पडली ती माझ्या चमच्याने.

दोन वर्षांनी डाएट हळूहळू सोडवलं. एक औषध अजून चालू आहे, फिट मात्र नाही.

हो, एक राहिलंच. यूट्यूब बघून घरी सुरू करू नका. चरबीपासून ऊर्जा बनवण्यात काही जन्मजात दोष असतील तर हे डाएट जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी रक्ताच्या तपासण्या होतात. मुतखडा, बद्धकोष्ठ होऊ शकतं. औषधं मनाने बंद करायची नाहीत.

सासूबाईंची मी पाया पडून माफी मागितली. नणंदबाईंची नाही. ‘फॅड’ त्यांनी अजून मागे घेतलेलं नाही.