न्यू जर्सीत ड्रंक ड्रायव्हिंगची केस काउंटी कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये का सापडत नाही?

काउंटीत शोधताय म्हणूनच मिळत नाहीये. न्यू जर्सीत डीडब्ल्यूआय (ड्रायव्हिंग व्हाइल इन्टॉक्सिकेटेड, म्हणजे नशेत गाडी चालवणं) हा क्राइम धरतच नाहीत, ट्रॅफिक व्हायोलेशन धरतात, त्यामुळे केस जाते टाउनच्या म्युनिसिपल कोर्टात, म्हणजे एडिसनला पकडलं असेल तर एडिसन म्युनिसिपल कोर्ट, मिडलसेक्स काउंटीचं नाही. तिथे नाव आणि अंदाजे तारीख देऊन रेकॉर्ड रिक्वेस्ट टाका, तिकीट नंबर असेल तर उत्तमच. हां, दारूच्या नशेत कोणाला जखमी केलं आणि असॉल्ट बाय ऑटो (गाडीने इजा करण्याचा गुन्हा) लागलं असेल तर मात्र मिडलसेक्स काउंटीचं न्यू ब्रन्सविकमधलं सुपीरियर कोर्ट बघा. आणि जुनी केस पुसली गेली असेल असं धरू नका, डीडब्ल्यूआय तिथे एक्सपंज होत नाही. पैसे घेऊन रिपोर्ट विकणाऱ्या साइट्सच्या नादी तर लागूच नका, बऱ्याचदा अर्धवट माहिती असते.