काळ्या मातीत जपानी लिली

प्रश्न : ताई, हिवाळ्यात ऑनलाईन जपानी ऑराटम लिलीचे तीन कंद मागवले अन् अंगणातल्या काळ्या मातीत लावले. एक उगवलाच नाही, एकाची पानं पिवळी पण शिरा हिरव्याच, तिसरा उकरला तर सडक्या कांद्यासारखा लिबलिबीत. काय चुकलं?
– एक वाचक, लातूर

उत्तर : दादा, माती चुकली. ही लिली जपानच्या होन्शू बेटावरची, तिथं तिला यामायुरी म्हणजे डोंगरातली लिली म्हणतात, उतारावरच्या भुसभुशीत आंबट, म्हणजे आम्लधर्मी मातीत वाढणारी, अन् आपली माती चुनखडीची, पाणी धरून ठेवणारी, त्यात कंद सडतो, वरून बोअरचं जड पाणी, मग लोह मिळत नाही अन् पानं पिवळी पडतात. जिवंत कंद 12 इंची कुंडीत हलवा. कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा, जाडी वाळू. राख-चुना अजिबात नको. कंद 5-6 इंच खोल लावा, कारण वरच्या दांड्यालाही मुळं फुटतात. बुडाशी सावली, शेंड्याला सकाळचं ऊन, अन् जमलं तर पावसाचं साठवलेलं पाणी.

फुललीच तर वीतभर पांढरं फूल, पाकळीच्या मधोमध सोनेरी पट्टा, लाल ठिपके अन् घमघमाट! पण खरं सांगू का, आपल्या मे महिन्यात ती टिकणं अवघडच. त्यापेक्षा जपानच्याच रिउक्यू बेटांवरची लाँगिफ्लोरम लिली बघा, ती उन्हाला जरा दमदार अन् चुनाही थोडाफार सोसते. नाहीतर आपला निशिगंध आहेच की.

घरात मांजर असेल तर मात्र कुठलीच लिली नको, परागकण चाटले तरी तिची किडनी जाते.