आईला दुसऱ्या टप्प्याचा स्तनाचा कर्करोग आहे. पुण्यात लगेच ऑपरेशन-केमो करावं, की आधी सहा महिने काढा-पथ्य करून बघावं?

ऑपरेशन आणि डॉक्टरांनी सांगितलेले उपचारच करा, काढ्यासाठी सहा महिने घालवू नका. येल विद्यापीठातल्या डॉक्टरांचा 2018 साली छापलेला एक अभ्यास आहे. कर्करोग दूरवर पसरलेला नसताना ज्यांनी फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांची तुलना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी केली. स्तनाच्या कर्करोगात मृत्यूचा धोका साडेपाच पटींहून जास्त निघाला. दुसऱ्या टप्प्यात रोग स्तनात आणि फार तर काखेतल्या गाठींपर्यंत असतो, तो पूर्ण बरा करायच्या हेतूने उपचार होतात. हाडांत, यकृतात पोचला की ती संधी बहुधा जाते. गाठ सहसा दुखत नाही, त्यामुळे 'काढ्याने बरं वाटतंय' असा समज होतो. मला हेच सगळ्यात धोक्याचं वाटतं.

केमो मात्र प्रत्येकीला लागतेच असं नाही. बायोप्सीतल्या (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीतल्या) ईआर, पीआर या संप्रेरकांशी संबंधित आणि हर-टू या प्रथिनाच्या तपासण्यांवर बरंच ठरतं. शंका असेल तर दुसरं मत जरूर घ्या, पण ऑन्कॉलॉजिस्टचंच (कर्करोगतज्ज्ञाचंच), आणि याच आठवड्यात.

योगासनं उपचारांच्या जोडीने करू द्या, थकवा आणि काळजी कमी व्हायला मदत होते. हळदीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत: मिरीच्या अर्कासह घेतल्यास टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण घटलेलं आढळलंय. आमटीतल्या हळदीचा प्रश्न नाही.

खर्चाची अडचण असेल तर सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी पुण्यातल्या ससून रुग्णालयात करा.