कार कॅरिअरवरील अपघात आणि भरपाई : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी चाकण पट्ट्यात कार वाहून नेणाऱ्या ट्रेलरवर चालक आहे. वरच्या मजल्यावर गाडीचे पट्टे सोडवताना खाली पडून टाच मोडली. मालक म्हणतात, घाई केलीस, चूक तुझीच. मला भरपाई मिळेल का?

उत्तर : मिळायला हवी. कामावर असताना कामामुळे झालेल्या इजेची जबाबदारी मालकावर येते, आणि कामगाराचा साधा निष्काळजीपणा हा त्यातून सुटण्याचा मार्ग नाही. नशेत असणे, सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणे किंवा सुरक्षा साधन मुद्दाम काढून टाकणे, एवढ्याच सबबी कायद्याने मान्य केल्या आहेत, आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असल्यास त्याही चालत नाहीत. घाई या यादीत बसत नाही. शिवाय ती बहुधा मालकाच्याच वेळापत्रकातून आलेली असते. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यातील या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 च्या सातव्या प्रकरणात आहेत. मात्र तुमचा कर्मचारी राज्य विमा असेल, तर दावा तिथेच करावा लागतो. दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही.

प्रश्न : मी ठेकेदाराचा हेल्पर आहे. भरपाई कोण देणार?

उत्तर : ठेकेदार तर जबाबदार आहेच, पण ते काम मूळ कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असेल आणि अपघात तिच्या ताब्यातील आवारात झाला असेल, तर कंपनीकडेही दावा करता येतो. म्हणून अपघाताची जागा आणि वेळ पहिल्याच दिवशी लेखी कळवावी, गेटपासची प्रत जपून ठेवावी.

प्रश्न : आम्ही हेल्मेट आणि बूट देतो, तरीही माणसे जखमी होतात. काय चुकते?

उत्तर : हेल्मेट घातल्याने पडणे थांबत नाही. वरच्या मजल्याला कठडा आणि चढायला धड शिडी हवी, आणि शक्य तितके पट्टे जमिनीवर उभे राहूनच सुटतील अशी व्यवस्था हवी. ताणलेला पट्टा एकदम सुटला की त्याचा दांडा उसळून खांद्यावर किंवा तोंडावर बसतो. हायड्रॉलिकने उचललेल्या मजल्याखाली, त्याची लोखंडी खिटी बसल्याशिवाय कोणीही शिरू नये, कारण तेलाची नळी फुटण्याआधी इशारा देत नाही. पट्टे काढण्यापूर्वी हँडब्रेक आणि गिअर तपासून चाकांना ठोकळे लावावेत. सुटलेल्या गाडीच्या उताराच्या बाजूला उभे राहणे ही सर्वांत धोक्याची सवय आहे.

प्रश्न : थोडी रोख रक्कम देऊन ‘तक्रार नाही’ असे लिहून मागत आहेत. सही करू का?

उत्तर : करू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल असतो. तरी अशा कागदामुळे दावा लांबतो.