रात्री शेतात रोही आणि रानडुकरे लांबून दिसावीत यासाठी जास्त ल्युमेनचा टॉर्च घ्यावा की आणखी काही पाहावे?

धुऱ्यापलीकडचे रोही ओळखायचे असेल, तर ल्युमेनपेक्षा कँडेलाचा, म्हणजे झोताच्या प्रखरतेचा, आकडा पाहून, लहान एलईडी आणि रुंद, गुळगुळीत रिफ्लेक्टर असलेला टॉर्च घ्यावा. ल्युमेन म्हणजे एकूण प्रकाश. तो किती लांब जाईल हे एलईडीच्या पृष्ठभागाच्या तेजावर आणि रिफ्लेक्टरच्या तोंडाच्या आकारावर ठरते. म्हणूनच ओस्राम कंपनीचा सुमारे १ चौरस मिलिमीटरचा व्हाइट फ्लॅट एलईडी, तोंड तेवढेच रुंद असताना, क्री कंपनीच्या एक्सएचपी७० सारख्या मोठ्या एलईडीपेक्षा कितीतरी कमी ल्युमेन देऊनही झोत पुढे फेकतो. टॉर्चच्या खोक्यावर छापलेले अंतर ०.२५ लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड जिथे उरतो, तिथपर्यंत मोजलेले असते आणि ते कँडेलाच्या वर्गमुळाच्या दुप्पट मीटर येते: ४०,००० कँडेलाला ४०० मीटर. अर्थात एवढ्या उजेडात तुरीच्या ओळीत उभे जनावर कोणते हे कळत नाही, तेव्हा त्या अंतराचा निम्माच भरवसा धरावा.

मात्र ओलितासाठी रात्री पायी फिरताना असा टॉर्च गैरसोयीचा ठरतो, कारण पायापुढे ताटाएवढे प्रखर वर्तुळ पडते आणि त्याच्या कडेला वाळल्या पाल्यात बसलेली घोणस नजरेतून सुटू शकते. त्या कामाला खडबडीत रिफ्लेक्टरचा किंवा पसरट टीआयआर भिंगाचा (एलईडीवर बसणारे भरीव भिंग), ९० च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) असलेला लहान टॉर्च वेगळा ठेवावा.