मेलबर्नमधली पीएचडी: नाव नोंदवण्यापासून प्रबंध अपलोड करेपर्यंत

तुझं पत्र दोनदा वाचलं. लातूरला सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, अर्थशास्त्र शिकवतेस, नेट झालेली आहे, वय 36, सोबत नवरा आणि दुसरीतली लेक. आणि प्रश्न एकच: "ताई, ऑस्ट्रेलियात पीएचडी तीन वर्षांत आटपते म्हणतात, खरं का?" कुणाकुणाची आटपते. मला तीन वर्षं अकरा महिने लागले. ते अकरा महिने कुठे गेले, तेच सांगते.

आधी आपल्याकडची पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा), कोर्सवर्क, आरआरसी (विषयाला मान्यता देणारी समिती) ही साखळी डोक्यातून काढ. इथे प्रवेश परीक्षा नाही. गाईडला सुपरवायझर म्हणतात, बहुधा दोघं असतात आणि अर्जाआधी निदान एकाचा होकार मिळवावा लागतो. "रिस्पेक्टेड सर" छापाचा एकच मजकूर शंभर जणांना पाठवू नकोस. ज्यांचे दोन-तीन पेपर खरंच वाचलेस, त्यांनाच पानभर लिही. मी चौदा जणांना लिहिलं, चौघांनी उत्तर दिलं, त्यातल्या एकीने व्हिडिओ कॉलवर तासभर उलटतपासणी घेतली. तीच माझी सुपरवायझर झाली. त्या कॉलवर तूही विचार: सध्या किती विद्यार्थी आहेत, आणि लिहिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून देता? रँकिंग बघण्यात घालवलेले माझे दोन महिने वाया गेले, हे दोन प्रश्न मात्र कामी आले.

एम.ए.ला लघुप्रबंध होता का, ते कळव. संशोधनाचा अनुभव कागदावर दिसला नाही तर थेट पीएचडीला अडवतात. मग मास्टर्स बाय रिसर्चला प्रवेश घेऊन पुढे पीएचडीत बदलून घेण्याची वाट असते. त्यात कमीपणा मानू नकोस.

पैशांचं. सरकारी निधीची आरटीपी शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ होते आणि वर स्टायपेंड मिळतो. 2025 चा मूळ दर वर्षाला 33,511 ऑस्ट्रेलियन डॉलर होता. पूर्णवेळ विद्यार्थ्याला त्यावर कर नाही. एकटीचं भागतं, तिघांचं नाही. इथे भाडं आठवड्यावर सांगतात, महिन्याचं समजून खूश होऊ नकोस. नवऱ्याला तुझ्या व्हिसावर कितीही तास काम करता येतं, अभ्यासक्रम सुरू झाल्यावर तुलाही, फक्त शिष्यवृत्तीची स्वतःची अट वाचून घे. लेकीच्या सरकारी शाळेला फी लागेल की नाही हे राज्यागणिक बदलतं. आरोग्यविमा तिघांचा, व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा लागतो. हा आकडा बहुतेक जण हिशेबात धरायला विसरतात.

आता मुख्य गोष्ट. नाव नोंदवलं की घड्याळ सुरू. साधारण बाराव्या महिन्यात 'कन्फर्मेशन' येतं. लेखी अहवाल द्यायचा (माझा दहा हजार शब्दांचा होता), विभागासमोर सेमिनार द्यायचा, मग समिती बंद दाराआड प्रश्न विचारते. तोवर तू पीएचडीची उमेदवार असतेस ती तात्पुरती. समिती पुढे जाऊ देते, तीन-चार महिन्यांनी परत ये म्हणते किंवा मास्टर्सवर उतरवते. माझ्याबरोबरचा एक मुलगा असा उतरला. हुशार होता, पण वर्षभर नुसता वाचत बसला होता.

माझा घोटाळा वेगळा. विषय होता भारतातून आलेल्या नर्सेसचा, म्हणजे मुलाखती, म्हणजे एथिक्स समितीची, संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, मंजुरी. ती हातात आल्याशिवाय एक प्रश्नही विचारायचा नाही. अर्ज दोनदा परत आला. एकदा तर संमतीपत्राची भाषा जड आहे म्हणून! पाच महिने त्यात गेले आणि कन्फर्मेशनची तारीख जागची हलली नाही. तू शेतकरी कुटुंबांच्या कर्जावर काम करणार, तुलाही हेच लागेल. शिवाय मुलाखती मराठवाड्यात घ्यायच्या तर तिकडे जाऊन राहण्याची परवानगी, विमा, सगळं आलं. पहिल्या तिमाहीतच अर्जाचा मसुदा कर.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीची आढावा बैठक त्यामानाने सोपी जाते. त्रास पुढे होतो. तुझ्या व्हिसाची मुदत विद्यापीठाच्या नोंदणीपत्रावर, म्हणजे सीओईवर ठरते. काम लांबलं तर नवीन सीओई, नवीन व्हिसा अर्ज, वाढीव विमा, आणि तोवर स्टायपेंड संपलेला असतो. शेवटचे पाच महिने मी ट्यूटोरियल्स घेऊन भाडं भरलं. म्हणून पहिल्या वर्षापासून दर महिन्याला काहीतरी लिहून सुपरवायझरच्या हातात ठेव, कच्चं असलं तरी.

शेवटी आणखी एक सेमिनार होतो. सादर करण्याच्या काही आठवडे आधी तसं कळवायचं, म्हणजे परीक्षक नेमता येतात. प्रबंधाची कमाल मर्यादा बऱ्याच ठिकाणी 80,000 ते 1,00,000 शब्द असते. माझा पीडीएफ रात्री पावणेबाराला अपलोड झाला, पडद्यावर एक ओळ आली, संपलं. आपल्याकडच्या ओपन व्हायवाचे, म्हणजे सगळ्यांसमोरच्या तोंडी परीक्षेचे, पेढे नाहीत, सत्कार नाही. इथे पहिल्या पीएचडी 1948 साली मेलबर्न विद्यापीठाने दिल्या, तेव्हा परीक्षक असायचे सातासमुद्रापार. त्यामुळे लेखी अहवालावर निकाल द्यायची रीत पडली. आता काही विद्यापीठांनी तोंडी परीक्षा आणली आहे, तुझ्या ठिकाणी काय ते विचार. बाहेरचे दोन-तीन परीक्षक काही महिने घेतात आणि बहुतेकांना दुरुस्त्या सुचवतात. माझ्या एका परीक्षकाने सात पानं लिहिली होती. दोन दिवस मी ती उघडलीच नाहीत.

वयाची धास्ती सोड. पदवीनंतर इथे राहून काम करू देणाऱ्या 485 व्हिसाला जुलै 2024 पासून कमाल वय 35 ची अट आली, पण संशोधन पदवीवाल्यांना ती 50 च आहे.

विषयाचा एक पानाचा आराखडा पाठव, मराठीतच चालेल. शनिवारी सकाळी साडेसातला बोलू, तेव्हा इथे दुपार असते.